तीन नंबरचं गाणं

सोमवार, ४ मार्च

ही वही थेटरातल्या केबिनमधली. पहिली चाळीस पानं ह्यांची आहेत. कुठला खेळ किती वाजता लागला, रीळ कुठे तुटलं, पंखा कधी बंद पडला. ह्यांची शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची: "बल्ब बदलला. उजेड ठीक." त्यानंतर हे आजारी पडले आणि सतरा दिवसांत गेले. उरलेली पानं कोरी होती. कोरा कागद टाकवत नाही मला, म्हणून त्यांच्या खालून मी सुरू करते.

आज ढापण्या घरी आला. हा ह्यांच्या हाताखाली केबिनमध्ये तीस वर्षं होता, आता एकटाच मशीन चालवतो. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, म्हणून ढापण्या. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत त्याने कंसात तेच नाव छापून घेतलं होतं. चहा अर्धाच पिऊन कप खाली ठेवला, तेव्हाच मी ओळखलं.

"वहिनी, थेटर गेलं," म्हणाला. "फर्निचरचं दुकान होणार. एकतीसला शेवटचा खेळ."

थोरले मालक गेल्यापासून थेटर त्यांच्या पुतण्याकडे आहे. त्याला मी दोष देत नाही. रविवारी दुपारी बारा माणसं येतात, त्यातली चार पंख्याखाली झोपायला.

"शेवटी काय लावणार?" मी विचारलं.

"बोटीचाच सिनेमा. दुसरं आहे काय आपल्याकडे?"

माझी नजर माळ्याकडे गेली. ढापण्याचीही तिकडेच गेली.


मंगळवार, ५ मार्च

माळ्यावर काय आहे ते लिहून ठेवते. मी गेल्यावर कुणी भंगारात घातलं तर निदान कळू दे की काय घातलं.

थोरल्या मालकांनी एके काळी गाण्यांचे सात सिनेमे विकत घेतले होते, कायमचे. सगळे मुळात रंगमंचावरचे, मग त्यांचे सिनेमे झालेले. दर रविवारी दुपारी त्यातला एक लागायचा आणि गर्दी व्हायची. मग मालकांच्या मनात आलं की दोनचा खेळ साडेचारला संपला तर मध्ये आणखी एक खेळ बसतो. ते केबिनमध्ये गेले आणि ह्यांना म्हणाले, "गाणी काप. गाणं लागलं की तसंही लोक बाहेर जातात."

ह्यांनी कापली. प्रत्येक सिनेमात सुरुवातीची दोन आणि शेवटचं एक ठेवलं, मधली सगळी काढली. फेकून द्यायला सांगितलं होतं ते हे पिशवीतून घरी आणत राहिले. डब्यात घालून, वर नंबर टाकून, माळ्यावर. सदतीस डबे आहेत.

आणि मी काय करत होते? मी थेटराच्या दारात स्टुलावर बसून गाण्यांची चोपडी विकत होते. तिच्यात सगळी गाणी छापलेली. कापल्यानंतरही मालकांनी चोपडी तीच ठेवली, कारण गठ्ठे शिल्लक होते. लोक बाहेर येऊन विचारायचे, अहो, हे तीन नंबरचं गाणं तर लागलंच नाही. मालकांनी मला उत्तर पढवून ठेवलं होतं. "लागलं की. तुम्हाला डुलकी लागली असेल."

वीस-बावीस वर्षं हे मी लोकांना सांगितलं. हसतमुखाने.


गुरुवार, ७ मार्च

मुलगा म्हणतो, "अगं आई, त्या डब्यांना आंबूस वास येतो. उद्या पेट घेतला म्हणजे? रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

मुलगा विम्याच्या कचेरीत आहे. त्याला सगळीकडे आग दिसते.

मी म्हटलं, "डब्यांना हात लावलास तर मी त्यांच्याबरोबर भंगारात जाईन. भाव जास्त येईल तुला."

सून तिथेच उभी होती, पण तोंडातून अवाक्षर नाही. ही मुलगी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या बाटल्या बघते, त्यामुळे असेल, माणसांशी बोलायची सवय राहिली नाही. नऊ वर्षं झाली, ती माझ्या बाजूने आहे की त्याच्या, हे मला कळलेलं नाही.


रविवार, १० मार्च

भंगारवाला आलाच नाही. मुलगा फोन लावून दमला. म्हणे कुणीतरी त्याला कळवलं की काम रद्द झालं. गोंधळच असतो ह्या लोकांचा. माझ्या पथ्यावर पडला.

आज बोटीच्या सिनेमाचे पाच डबे खाली काढले. तीन, चार, पाच, सहा, सात. चोपडीतले नंबर ह्यांनी डब्यांवर घातलेत. झाकणं घट्ट बसली होती, चमच्याच्या दांड्याने उचकटली. प्रत्येक डब्यात फिल्मच्या वर एक चिठ्ठी. ह्यांचं अक्षर.

पहिली चिठ्ठी: "हात काळे. दिवा लावला. — हात धुतले. हो म्हणाली."

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, मी स्टोव्हची काजळी खरवडत होते, दिवेलागण झाली होती. हे दारात उभे राहून म्हणाले, "थेटरात चोपड्या विकायला बसशील का?" मी हात धुतले आणि हो म्हटलं. ह्या माणसाने ते लिहून ठेवलं होतं.

दुसरी: "कप तसाच. खिडकीशी गेली. — पाऊल वाजलं." ही मुलाला शिकायला लांब पाठवलं त्या दिवसाची. कप तसाच राहिला होता, मला आठवतंय.

अशा पाच. कोपऱ्यात आकडा आहे, ती तारीख असणार. माणसाने आयुष्यात मला कधी शब्दाने सांगितलं नाही की तू मला दिसतेस. आणि इथे हे.

पाचही चिठ्ठ्या ह्या वहीत टाचून ठेवल्या.


मंगळवार, १२ मार्च

ठरवलं. एकतीसला बोटीचा सिनेमा अख्खा लागेल. पाचही गाण्यांसकट.

ढापण्याला सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "वहिनी, फिल्म आकसली असली तर मशीन खाणार नाही. आणि अर्धा तास वाढेल. पुतण्या परवानगी देणार नाही."

"परवानगी कोण मागतंय?"

"मग मला का सांगताय?"

"मला तुटलेल्या फिल्मला सांधा मारता येत नाही म्हणून."

हसला तो. म्हणाला, "दादा असते तर नाही म्हणाले असते."

हो, असते तर नाहीच म्हणाले असते. मालक म्हणाले काप, कापलं. मालक म्हणाले गप्प बस, बसले. मी फार प्रेमाने संसार केला, पण ह्यांच्या त्या मुंडी हलवण्याचा मला राग होता आणि अजून आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का नाही?


गुरुवार, १४ मार्च

पुतण्याकडे गेले. चोरून करायचं नाही असं ठरवलं, आयुष्यभर त्या दारात चोरटेपणाच केला.

तो वाईट नाही. खुर्ची दिली. म्हणाला, "काकू, गाण्यांचं आता कोणाला काय आहे? माणूस बोलता बोलता मध्येच गायला लागतो, लोक हसतात."

मी म्हटलं, "माणूस बोलता बोलता मध्येच रडायला लागतो, तेव्हा हसतोस का?"

तो घड्याळाकडे बघायला लागला. मग स्पष्ट सांगितलं त्याने. त्याच दिवशी साडेचारला खुर्च्या काढायला माणसं येणार. दोनला लावा, साडेचारला मी मेन स्विच ओढणार, तोवर पडद्यावर जे असेल ते असेल.

घरी येऊन हिशोब घातला. कापलेला सिनेमा मध्यंतर धरून बरोबर साडेचारला संपतो. गाण्यांसकट पाच. म्हणजे शेवटचा अर्धा तास जाणार. जाऊ दे. तीन नंबर तर त्याच्या कितीतरी आधी येऊन जाईल.

तीन नंबरच का, ते उद्या लिहीन.


शुक्रवार, १५ मार्च

भूगोल शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दर रविवारी यायच्या, तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची. चोपडी विकत घेऊन अंधारात पेन्सिलने खुणा करायच्या. बावीस वर्षांपूर्वी, सिनेमा सुटल्यावर माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "तीन नंबरचं लागलं नाही. पुढच्या वेळी लावा किंवा चोपडीतून काढा."

भोवती गर्दी होती. मी नेहमीचं म्हटलं, जरा मोठ्यानेच. "बाई, तुम्हाला डुलकी लागली होती. मी बॅटरी मारून बघितलं ना, मान अशी पडलेली."

लोक खो खो हसले. त्यांच्या वर्गातल्या दोन मुली पण होत्या त्यात. बाई चोपडी मिटून निघून गेल्या. पुन्हा कधी थेटरात आल्या नाहीत. मी ऐकलं की शाळेत मुली फळ्यावर झोपलेली बाई काढायच्या.

बॅटरी मारून बघितलं हे मी पदरचं घातलं होतं. मालकांनी तेवढं सांगितलं नव्हतं.


शनिवार, १६ मार्च

बाईंकडे गेले. भाचीकडे राहतात, तळमजल्यावर, खिडकीत खुर्ची. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मला वाटलं ओळखणार नाहीत.

"तू चोपडीवाली," त्या म्हणाल्या. "बस. आणि पाय पुसून ये."

मी पाय पुसून आले. सगळं सांगितलं. कापलेली गाणी, डबे, एकतीस तारीख. त्यांनी उठून कपाटातून चोपडी काढली. तीन नंबरपुढे पेन्सिलची फुली अजून होती.

"बावीस वर्षं मी स्वतःला विचारतेय," त्या म्हणाल्या, "की खरंच डोळा लागला होता का गं."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर हात वर केला. "इथे नको. इथे भाचीशिवाय कोण ऐकतंय? मी येईन. तिसरं लागलं तर बघू. नाही लागलं तर मी उभी राहून सगळ्यांना सांगेन खोटारडी कोण ते. मुलींना ओरडून आवाज तयार आहे माझा."

घरी येताना मला बरं वाटत होतं. का ते कळलं नाही.


सोमवार, १८ मार्च

डब्यांपाशी पांढऱ्या सुती मोज्यांचे चार जोड, मऊ ब्रश आणि कसल्याशा द्रावाची बाटली ठेवलेली सापडली. फिल्मला बोटं लागू नयेत म्हणून मोजे लागतातच. ढापण्याने आणून ठेवले असणार. विचारलं तर म्हणतो मी नाही. वय झालं, विसरला.

दिवसभर तो आणि मी जेवणाच्या टेबलावर. तो सांधे मारतो, मी पुसते. थेटरातल्या रिळांत पाच ठिकाणी जुने सांधे आहेत, जिथे चित्र मध्येच उडी मारतं. पाच उड्या, पाच डबे. तीन, चार, पाच, सहा, सात, ओळीने लावत गेलो.

काम करताना मी त्याला बाकीच्या सहा सिनेमांबद्दल सांगत होते. ते मालकांनी भंगाराच्या भावाने विकले, त्यांची फक्त गाणी माझ्याकडे उरलीत. धुणं धुणाऱ्या बायकांच्या संपाचा एक होता, त्यात चाळीस बाया चादरी झटकून ताल धरतात. दीपगृहाच्या रखवालदाराच्या दोन मुलींचा एक. त्यात धाकटी बोलतच नाही, फक्त गाते, आणि गाणी कापल्यावर ती पूर्ण सिनेमाभर मुकी होती. लोक विचारायचे, ही कोण आणि कशाला आहे? एक स्टेशनातल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीचा, तो मला सर्वांत आवडायचा, त्यात प्रत्येक सामानाचं एक गाणं. मी अख्खा एकही पाहिलेला नाही. सगळे वाचलेत. अक्षरं मी ह्या चोपड्यांवरच शिकले, शाळेत गेले नाही कधी. आत गाणं वाजायचं आणि मी बाहेर ओळीवर बोट ठेवायची. गाणी कापली गेली तोवर मला वाचता यायला लागलं होतं म्हणून बरं.

कुणी विचारलं की हे बघण्यासारखे का आहेत, तर मी एवढंच सांगेन. साध्या सिनेमात माणूस काय करतो ते दिसतं. ह्यांच्यात तो करायच्या आधी काय काय होतं ते दिसतं.

बोटीच्या सिनेमातली नावाडीण मात्र मला कधी आवडली नाही. बापाची नाव चालवते. पूल बांधायला एक इंजिनियर येतो, पूल झाला की नाव बंद. ती त्याला शिव्या घालते, दगड मारते, आणि पुढच्याच प्रसंगात त्याच्याशी लग्नाला तयार. सुटताना बायका म्हणायच्या, काय बाई चंचल. मीही म्हणायची.


गुरुवार, २१ मार्च

सकाळी रिकाम्या थेटरात चालवून बघितला. मी, ढापण्या आणि मशीन.

फिल्म टिकली. जुनी रिळं शेकडो वेळा फिरलेली, त्यांच्यावर रेघांचा नुसता पाऊस. आणि गाणं आलं की पडदा धुऊन काढल्यासारखा. एक रेघ नाही. कुणी बघितलेलंच नव्हतं ना.

पण बाकी सगळा विचका. बाप मेल्याचं रडणं आधी लागलं आणि त्यानंतर बाप आंघोळ करून जेवायला बसला. केबिनच्या भोकातून ढापण्या ओरडला, "वहिनी, म्हातारं भूत आहे का?" नावाडीण इंजिनियरला भेटायच्या आधीच त्याच्या टोपीशी गात होती.

नंबर. चोपडीतले नंबर. ते सिनेमातल्या क्रमाने नव्हतेच. आत्ता आठवलं, छापखानेवाला म्हणाला होता, आखूड गाणी जाहिरातीच्या पानावर बसवतो, लांब मागे टाकतो. मी स्वतः तिथे उभी होते. आणि मी त्या चोपडीवर वाचायला शिकले म्हणून ती मला देवाची ओळ वाटत होती.

आणि मग चौथ्या की पाचव्या रिळात ते झालं. नावाडीण आणि इंजिनियर बोलताहेत. ती उठते. कप तसाच राहतो. ती खिडकीशी जाते. मग सांधा.

मी ढापण्याला काही न सांगता घरी आले.


शुक्रवार, २२ मार्च

काही लिहायचं नाही.


शनिवार, २३ मार्च

लिहायचं नाही म्हणून चालत नाही.

चिठ्ठ्या माझ्याबद्दल नव्हत्या. गाणं कुठून कापलं आणि कुठे परत सुरू होतं, एवढंच होतं त्यांच्यात. आधीचं एक वाक्य, रेघ, नंतरचं एक वाक्य. कोपऱ्यातला आकडा डब्याचा. तारीख म्हणे. हसू येतंय आता. अकरा दिवस मी एका सिनेमातल्या बाईचा कप माझा समजून कुरवाळत होते.

सून चहा घेऊन आली. तिला सांगायचं नव्हतं, सांगून गेले. म्हटलं, "एक अक्षर माझ्यासाठी नव्हतं गं."

तिने पाचही चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा एवढं लांब बोलली. "आई, आमच्याकडे जी बाटली फेकायची असते तिच्यावर आम्ही काही लिहीत नाही. जी परत काढायची असते तिच्यावरच लिहितो."

कप घेऊन गेली.

खरं आहे. परत शिवायचं नसेल तर कुणी टाचण्या लावून ठेवत नाही. हे मान हलवत कापत होते आणि प्रत्येक वेळी परत यायची वाट लिहून ठेवत होते. स्वतः चालले नाहीत त्या वाटेने, ह्याचा राग आहेच. पण वाट आहे.


सोमवार, २५ मार्च

चिठ्ठ्यांवरून परत सांधायला घेतलं. पाचांतली तीन गाणी जागा बदलणार. मुलाने टेबल पाहून विचारलं, "जेवायचं कुठे?" मी म्हटलं, "मांडीवर." तो ताट मांडीवर घेऊन बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "ते पिवळं झाकण बाबांनी लावलेलं आहे ना?" आगीबद्दल बोलला नाही.

आणि एक वाईट बातमी. "हात काळे, दिवा लावला" ही चिठ्ठी डबा नंबर तीनची. म्हणजे तिसरं गाणं तिसरं नाहीच. ते शेवटच्या उडीत बसतं. ढापण्याने घड्याळ लावून मोजलं. दोनला सुरू केलं तर चार वाजून एकोणचाळीस मिनिटांनी लागेल.

साडेचारला स्विच.

"लवकर सुरू करू," ढापण्या म्हणाला. पण दोनचा खेळ जाहीर झाला आहे. गावभर कागद लागलेत, "अख्खा सिनेमा, कापलेल्या गाण्यांसह, दोन वाजता." मी लावले नाहीत. ढापण्याने नाही. सुंदर टाईप केलेले, तपासणीचे अहवाल असतात तसे, चौकटीत. पुतण्यानेच लावले असतील, शेवटची गर्दी हवी म्हणून.

दोनला म्हणजे दोनला. खोटी वेळ मी सांगणार नाही, त्या दारात आता खोटं बंद.


शनिवार, ३० मार्च

स्टूल शोधून काढलं. एक पाय हलतो.


रविवार, ३१ मार्च

खेळ दोनचा. संपला पाच वाजून दोन मिनिटांनी. सांधा एकदाही सुटला नाही. कापाकापी नाही.

आता सविस्तर.

अर्ध्याहून जास्त थेटर भरलं. काही लोकांनी घरातून जुन्या चोपड्या आणल्या होत्या. बाई भाचीच्या हाताला धरून आल्या, तिसऱ्या रांगेत, कडेला. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिलं कापलेलं गाणं लागलं, तेव्हा पडदा एकदम स्वच्छ झाला आणि लोकांत एक हलकी कुजबुज गेली. मी दारातून बघत होते. कुणी बाहेर जाईना. मध्यंतरात लोक बाहेर आले तेही चटकन परत गेले.

सव्वाचारला मी उठले, स्टूल उचललं आणि तिकीटखिडकीशेजारच्या त्या लहान दाराला टेकवून बसले. आत मेन स्विच. खुर्च्या काढणारी चार माणसं पान्यांच्या पिशव्या घेऊन आली. मी म्हटलं, "ज्या खुर्च्या काढायच्या त्यांच्यावर एकदा बसून तर बघा." मागच्या रांगेत जाऊन बसली बिचारी. साडेचारला पुतण्या आला.

"काकू, उठा."

"उचल."

"काकू, तमाशा नको."

"सदुसष्ट वर्षांची आहे, गुडघा वाईट आहे. अलगद उचल."

तो इकडेतिकडे बघायला लागला. खुर्च्यावाल्यांचा मुकादम आतून डोकावला. पुतण्याला वाटलं आला मदतीला. मुकादम म्हणाला, "साहेब, संपू द्या की. तिचा बाप आत्ताच गेलाय."

पुतण्या म्हणाला, "तुम्हाला कुणी बसायला सांगितलं?" आणि बाहेर कुणाला तरी फोन लावायला गेला. मला माहीत होतं तो परत येणार. घड्याळात चार छत्तीस. आत जायचं होतं मला. बाईंसमोर उभं राहायचं होतं. आणि उठले असते तर दार मोकळं.

तेवढ्यात सून समोर आली. कामावरून तशीच, पांढरा कोट. तिला आज सुट्टी नव्हती. म्हणाली, "आई, तुम्ही आत जा. मी बसते."

मी तिच्याकडे बघत राहिले. कोटाच्या खिशातून सुती मोजे डोकावत होते.

मोजे, भंगारवाला, चौकटीतले कागद. मी स्वतःला वाचणारी बाई म्हणवते.

"त्याचा पाय हलतो," मी म्हटलं.

"माहितीये, काल खिळा मारला," ती म्हणाली आणि माझ्या स्टुलावर बसली, मांडीवर हात ठेवून, जणू नऊ वर्षं तिथेच बसायची वाट बघत होती.

मी बॅटरी घेऊन अंधारात गेले. पडद्यावर रेघांचा पाऊस. नावाडीणीने दिवा लावला. हात डांबराने काळे. आणि पाऊस थांबला.

ती पालथ्या घातलेल्या नावेला डांबर फासत होती. हे सांगायचे, रंगमंचावर ती बाई खरंच डांबर फासायची आणि वास बाल्कनीपर्यंत यायचा. सहा मिनिटं ती फासत होती आणि गात होती, स्वतःशीच भांडत. पूल आला तर मी कोण? पूल नाही आला तर औषधाअभावी मेलेल्या बापासारखे आणखी किती? ज्याच्यावर दगड मारला त्याचं खरं असलं तर? एकेक फट बुजवत, एकेक प्रश्न. चंचल कुठली. एवढा विचार करून मीसुद्धा आयुष्यात कशाला हो म्हटलं नसेल. आणि हाच विचार तिच्याकडून काढून घेऊन आम्ही तिला वीस-बावीस वर्षं लोकांसमोर उभी केली.

तिसऱ्या रांगेशी पोचले. बॅटरी खाली धरून बाईंच्या पायाशी मारली.

मान छातीवर पडलेली. श्वास संथ. बाई गाढ झोपल्या होत्या.

क्षणभर वाटलं झोपू दे. अठ्ठ्याहत्तर वर्षं, तीन तासांचा सिनेमा. मग वाटलं, नाही. खांद्याला हात लावला.

"बाई. तीन नंबरचं लागलं."

त्यांनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितलं. नावाडीणीने नावेच्या बुडाला कान लावला होता आणि गात होती. बाईंनी मांडीवरच्या चोपडीवर बोट ठेवलं, बरोबर त्याच ओळीवर. ओठ हलायला लागले.

कडवं संपल्यावर मान न वळवता म्हणाल्या, "मी झोपले नव्हते."

"नव्हता झोपला बाई," मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं. "तेव्हाही नव्हता."

"असं नाही," बाई म्हणाल्या. "मोठ्याने. तेव्हा मोठ्याने म्हणाली होतीस."

मी सरळ उभी राहिले. थेटरभर ऐकू जाईल असं म्हटलं, "बाईंना त्या दिवशी डुलकी लागली नव्हती. गाणं आम्ही कापलं होतं. मी खोटं बोलले होते."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून, जिथे खुर्च्या काढणारी माणसं बसली होती, तिथून आवाज आला.

"ओ बाई, गप्प बसा. गाणं ऐकू द्या."

मी बॅटरी विझवली आणि बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले.